ओव्याचा वास आणि जर्मनीतील शास्त्र

पोट दुखू लागले की आजी चिमूटभर ओवा हातावर ठेवते. तो चावला की जीभ चुरचुरते आणि उग्र वास नाकात भरतो. आपल्या रुगायमध्ये पडणाऱ्या थाइमच्या पानांचा वासही त्याच्याच जवळचा. कारण दोन्हींत एकच द्रव्य आहे. त्याचे नाव थायमॉल.

हे द्रव्य थाइमच्या तेलातून प्रथम वेगळे केले ते जर्मन रसायनशास्त्रज्ञ कास्पर नॉयमान यांनी, १७१९ साली. पुढे पहिल्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानातला ओवा जहाजांनी जर्मनीला जाई आणि तेथील कारखान्यांत त्यातून थायमॉल निघे. १९१४ साली युद्ध पेटले आणि हा व्यापार तुटला.

आज हेच जुने द्रव्य नव्या शत्रूवर तपासले जात आहे. वाचकहो, जिवाणू नेहमी एकेकटे राहत नाहीत. दातांवर, चिघळलेल्या जखमेत, रुग्णाला लावलेल्या नळीत ते वस्ती करतात आणि स्वतःभोवती चिकट थर बांधतात. त्यालाच बायोफिल्म म्हणतात. सकाळी दातांवरून जीभ फिरवली की जो बुळबुळीतपणा लागतो, तो याच जातीचा. जर्मनीच्या ड्युइसबुर्ग-एसेन विद्यापीठातील हान्स-कुर्ट फ्लेमिंग आणि योस्ट विंगेंडर यांनी २०१० साली लिहिले की, बहुतेक बायोफिल्मच्या कोरड्या वजनात जिवाणू १० टक्क्यांहूनही कमी असतात. उरलेले सारे त्यांनी बांधलेले घर! या घराच्या आडोशाला काही जिवाणू निपचित पडून राहतात आणि औषधाचा मारा चुकवतात.

थायमॉल जिवाणूचे आवरण सैल करते, मग आतला ऐवज बाहेर गळतो. लवंगेतील युजेनॉलही असेच काम करते. प्रयोगशाळेत अशा तेलांनी थर धरणे कमी झाल्याचे अनेकदा दिसले आहे.

पण काचेच्या बशीतला विजय म्हणजे माणसाच्या जखमेतला विजय नव्हे. जिवाणूंना मारणारे दाट तेल आपल्या कातडीलाही भाजते. दातांवरचा थर तर नुसत्या गुळण्यांनी जात नाही, तो घासूनच काढावा लागतो.

आपल्या बेटावर घरोघरी मधुमेहाचे रुग्ण आहेत. त्यांच्या पायाची जखम भरत नसेल, तर तिच्यावर तेल चोळत दिवस घालवू नयेत. उशीर झाला तर पाय गमावण्याची पाळी येते. पोटासाठी आजीकडे ओवा जरूर मागावा, पायाची जखम मात्र त्याच दिवशी दवाखान्यात दाखवावी.