विश्लेषण : गाभडलेल्या गाईच्या रक्ताची तपासणी का हवी?

सात महिन्यांची गाभण गाय एका रात्रीत गाभडते. ‘दुसऱ्या जनावराने मारले असेल’, ‘उष्णता झाली असेल’ असे म्हणून विषय संपतो. पुढच्या वेळी तीच गाय सुखरूप विते आणि मालक निर्धास्त होतो. धोका नेमका इथेच असतो. यामागे ब्रुसेलोसिस म्हणजेच सांसर्गिक गर्भपात हा आजार असू शकतो. तो गोठ्यातून घरातही शिरतो.

हा आजार काय आहे?

‘ब्रुसेला’ जिवाणूंमुळे तो होतो. डेव्हिड ब्रुस यांनी १८८७ मध्ये माल्टा बेटावर तापाने दगावलेल्या सैनिकांमध्ये हा जिवाणू शोधला. गाईंमधील गर्भपाताला कारणीभूत असलेला जिवाणू बर्नहार्ड बँग यांनी १८९७ मध्ये डेन्मार्कमध्ये ओळखला.

लक्षणे कोणती?

गाभणकाळाच्या शेवटच्या तीन महिन्यांत गर्भपात होणे, वार अडकणे आणि नंतर जनावर वारंवार उलटणे ही मुख्य लक्षणे. वळूच्या वृषणाला सूज येते. बहुतेक गाई एकदाच गाभडतात. त्यानंतर त्या निरोगी दिसतात, पण दुधातून आणि विताना पडणाऱ्या स्रावातून जिवाणू बाहेर टाकत राहतात. अशी गाय बाजारात विकली गेली, की आजार दुसऱ्या गोठ्यात पोहोचतो.

निदान कसे होते?

केवळ पाहून निदान होत नाही. गर्भपाताची इतरही कारणे असतात. ‘रोझ बेंगाल’ चाचणीत रक्तजलाचा एक थेंब गुलाबी रंगाच्या प्रतिजनात मिसळतात. चार मिनिटांत गुठळ्या दिसल्या, तर चाचणी सकारात्मक. त्यानंतर ‘एलायझा’सारख्या चाचणीने खात्री केली जाते. गाईंच्या एकत्रित दुधासाठी ‘मिल्क रिंग’ चाचणी आहे. त्यात सायीच्या थरात निळे कडे उमटले, तर त्या कळपातील प्रत्येक जनावराचे रक्त तपासावे लागते. नमुने पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत प्रयोगशाळेत जातात. पुण्यात औंध येथे पश्चिम विभागीय रोगनिदान प्रयोगशाळा आहे.

उपचार का नाहीत?

जिवाणू पेशींच्या आत दडून बसतो. त्यामुळे जनावराला प्रतिजैविके देऊनही तो पूर्ण जाण्याची खात्री नसते. अनेक देशांनी बाधित जनावरे कळपातून काढून आजार आटोक्यात आणला. महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी असल्याने गाईंबाबत तो मार्ग बंद आहे. त्यामुळे बाधित गाय वेगळी बांधणे आणि तिची विक्री न करणे हाच पर्याय उरतो. दुभत्या गाईवर घर चालवणाऱ्यासाठी हा निर्णय जड असतो. म्हणूनच अनेक जण तपासणी टाळतात.

लस कधी द्यायची?

चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना आयुष्यात एकदाच. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती मोफत मिळते. लस जिवंत जिवाणूंची असल्याने गाभण जनावरांना आणि नरांना देत नाहीत. वय उलटल्यावर लस दिली, तर रक्तातील प्रतिपिंडे लशीमुळे आहेत की आजारामुळे, हे ठरवणे कठीण होते.

माणसांना धोका किती?

कच्चे दूध प्यायल्याने किंवा हातमोजे न घालता वार ओढल्याने लागण होते. चढउतार होणारा ताप, रात्रीचा घाम, सांधेदुखी, थकवा ही लक्षणे. ती हिवताप किंवा विषमज्वरासारखी वाटत असल्याने निदान लांबते. म्हणून डॉक्टरांना ‘घरी जनावरे आहेत’ हे आवर्जून सांगावे. औषधे किमान सहा आठवडे घ्यावी लागतात. माणसांसाठी लस उपलब्ध नाही.

गोठ्यात काय करावे?

– गाय गाभडल्यास ती वेगळी बांधावी आणि पशुवैद्यकाला कळवावे. १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे.

– नमुना घेऊन झाल्यावर मृत गर्भ व वार खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी. उकिरड्यावर टाकू नये. कुत्री ती ओढून गावभर नेतात.

– गर्भवती महिलांनी हे काम करू नये.

– नवे जनावर घेताना आधी रक्ततपासणी करावी.

– दूध उकळूनच प्यावे.

२००९ च्या पशुरोग प्रतिबंध कायद्यानुसार हा आजार अनुसूचित आहे. संशय आल्यास कळवणे मालकावर बंधनकारक आहे.