राज्याभिषेकाचा होन

कोल्हापूरची गादी ज्यांचा वारसा सांगते, त्या शिवछत्रपतींचा राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी रायगडावर झाला. सोन्याचा शिवराई होन हे त्याचंच नाणं. वजन तीन ग्रॅमांच्याही आत. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’, कडेने ठिपके. ना चेहरा, ना साल! भोवती फारसी अक्षरांचे रुपये चालत असताना देवनागरी कोरणं हीच मोठी घोषणा होती. पुढे कोल्हापूर राज्याचे चांदीचे पन्हाळी रुपये मात्र मोगल बादशहाच्याच नावाने पडले. बाजाराला ओळखीचं नाणं लागतं.

अस्सल होन अतिशय दुर्मिळ, नकला मुबलक. त्यामुळे जाणकाराला दाखवल्याशिवाय घेऊ नका. जमिनीत जुन्या नाण्यांचा ठेवा सापडलाच, तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.