प्रतिमा-पुनर्स्थापन आणि वित्तीय गणित : रेमंड चॅन यांच्या संशोधनातील समान सूत्र

प्रास्ताविक : धूसर छायाचित्र आणि शेअर बाजारातील ऑप्शन यांचा परस्परांशी संबंध सकृद्दर्शनी दिसत नाही. हाँगकाँगमधील उपयोजित गणिताचे प्राध्यापक रेमंड चॅन यांनी मात्र दोन्ही क्षेत्रांत संशोधन केले. त्यांतील समान सूत्र स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रतिमा : 256 × 256 बिंदूंच्या प्रतिमेत 65,536 अज्ञात संख्या असतात. धूसरता वर्णन करणाऱ्या मॅट्रिक्समध्ये त्यामुळे सुमारे 429 कोटी घटक येतात. परंतु धूसरता सर्वत्र सारखी असेल, तर प्रत्येक घटक केवळ दोन बिंदूंमधील अंतर व दिशा यांवर अवलंबून राहतो. म्हणून भिन्न संख्या 2,61,121 पेक्षा अधिक नसतात. अशा रचनेस टोप्लिट्झ मॅट्रिक्स म्हणतात. गिल्बर्ट स्ट्रँग यांनी 1986 मध्ये टोप्लिट्झ समीकरणांसाठी चक्रीय मॅट्रिक्सचे साहाय्य घेण्याची पद्धत सुचविली. चॅन यांनी तिचा सैद्धांतिक पाया विस्तारला. मायकेल एन्ग यांच्यासह त्यांनी 1996 मध्ये या विषयाचा विस्तृत आढावा प्रसिद्ध केला. जलद फूरिए रूपांतरामुळे ही आकडेमोड अल्पावधीत होते.

वित्त : अमेरिकन प्रकारचा ऑप्शन मुदतीपूर्वी कोणत्याही दिवशी वापरता येतो. तो आज वापरावा की राखून ठेवावा, हे पुढील दिवसांच्या मूल्यावर ठरते. म्हणून गणना शेवटाकडून मागे करावी लागते. यादृच्छिक किंमती मात्र आरंभापासून पुढे निर्माण होतात. 1,00,000 मार्ग व 250 दिवस घेतल्यास 2,50,00,000 किंमती साठवाव्या लागतील. चॅन व सहकाऱ्यांनी 2004 मध्ये यावर उपाय मांडला. संगणकाच्या यादृच्छिक संख्या वस्तुतः ठराविक नियमाने निर्माण होतात. बीजसंख्या जपल्यास त्याच संख्या पुन्हा मिळतात. त्यामुळे केवळ चालू दिवसाच्या किंमती जवळ ठेवून मागे जाता येते. प्रत्येक यादृच्छिक संख्या दोनदा निर्माण करणे, एवढाच अधिक श्रम पडतो.

मर्यादा : वेग म्हणजे अचूकता नव्हे. धूसरता थेट उलटविल्यास प्रतिमेतील अल्प दोषही प्रचंड वाढतो. त्यास आवर घालणारी अट समीकरणात घालावी लागते. किंमतींचे गृहीतक चुकीचे असल्यास ऑप्शनचे मूल्यही चुकीचेच येते.

निष्कर्ष : जे नियमाने पुन्हा मिळविता येते ते साठवू नये, हे या संशोधनाचे समान सूत्र होय. मोठ्या संगणकाअभावी संशोधन अशक्य आहे असे मानणाऱ्या आपल्या महाविद्यालयीन अध्यापकांनी याचा विचार अवश्य करावा. समस्येची रचना ओळखण्यासाठी प्रथम कागद व पेन्सिल पुरेशी असते.