फटीचा हिशेब

भिवंडी म्हटली की यंत्रमाग आणि गोदामं. तिथे जाऊन गच्चीवर अंथरायच्या फळ्यांवर लिहा, असं संपादकांनी सुचवलं तेव्हा विषय जरा आडवाटेचा वाटला. पण मुंबई-ठाण्याच्या नव्या घरांत जे बसतं त्यातलं पुष्कळसं आधी भिवंडीत उतरतं. मानकोली, राहनाळ, पूर्णा, काल्हेर या पट्ट्यात गोदामं वाढली ती मोठ्या प्रमाणात मुंबईच्या जकातीमुळे. माल वेशीबाहेर ठेवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामं काही हलली नाहीत. फरश्या, प्लायवूड, नळ यांच्या शेजारी आता कंपोझिट डेकिंगचे, म्हणजे या फळ्यांचे, गठ्ठेही दिसतात.

ही फळी म्हणजे लाकडाचा बारीक भुसा, पॉलिथिन, थोडा रंग आणि उन्हापासून वाचवणारी रसायनं. सगळं तापवून, मळून साच्यातून दाबून बाहेर काढायचं. अमेरिकेत हा धंदा मार्गी लावणारी ट्रेक्स ही कंपनी १९९६ मध्ये मोबिल या तेल कंपनीतून वेगळी झाली. दुकानात मात्र सगळ्यालाच डब्ल्यूपीसी (वुड-प्लॅस्टिक कंपोझिट) म्हणतात आणि गिऱ्हाईक फसतं ते इथेच. मोरीच्या दाराला किंवा स्वयंपाकघरातल्या कपाटाला वापरतात तो डब्ल्यूपीसी बहुतेक वेळा पीव्हीसीचा फुगवलेला, हलका बोर्ड असतो. तो घरात उत्तम, पण मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर त्याचं काम नाही. नाव एकच असल्यामुळे बिलावर फरक दिसत नाही.

आणि हवा कशी, तर ठाणे जिल्ह्याची. वर्षाचा अडीच हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. त्याआधी चाळिशीला टेकणारं ऊन, नंतर ऑक्टोबरचा चटका आणि बाराही महिने वाळवी. इथल्या माणसाचं परंपरागत उत्तर सागवान. सागाच्या गाभ्यात तेल असतं, वाळवीला न रुचणारी द्रव्यं असतात. याच कल्याण-भिवंडीच्या खाडीत १६५७ नंतर शिवाजी महाराजांनी जहाजबांधणीला हात घातला; कामावर वसईकडचे पोर्तुगीज कारागीरही होते. कोकणपट्टीतल्या जहाजांना साग लागायचा तो याच गुणांसाठी. आज बाजारात येणारा साग पुष्कळदा लवकर तोडलेल्या लागवडीचा असतो. त्यात बाहेरचा पांढरा भाग जास्त, आणि त्या भागाला वाळवी सोडत नाही. सागवान म्हणून भरमसाट पैसे मोजून हा पांढरा भाग घेण्यापेक्षा चांगलं कंपोझिट बरं, या मताचा मी झालो आहे.

जहाजाच्या डेकवर दोन फळ्यांमधली फट ठासून बुजवतात, कारण पाणी खाली जाता कामा नये. गच्चीवर सगळं उलटं. पाणी खाली गेलंच पाहिजे, म्हणून फट मुद्दाम ठेवायची. एका नव्या इमारतीच्या गच्चीवर काम करणाऱ्या मिस्त्रींकडे मी बराच वेळ बघत बसलो ते या फटीमुळेच. खिशात सहा मिलिमीटर प्लायचा तुकडा. फळी टाकली की दोन टोकांच्या मध्ये तो तुकडा धरायचा, स्टेनलेस स्टीलची क्लिप खाचेत सरकवायची, खालच्या पट्टीवर स्क्रू कसायचा आणि तुकडा काढून घ्यायचा. घरमालकांची तक्रार एकच: मिस्त्री, एवढ्या फटी कशाला, कचरा जाईल. मिस्त्री मान डोलवत होते आणि तुकडा लावत होते.

हिशेब मिस्त्रींच्या बाजूने आहे. पॉलिथिनची फळी लांबीत फुगते ती लाकडाच्या कितीतरी पट. तीन मीटरची फळी जानेवारीच्या सकाळी बसवली आणि मे महिन्यातल्या दुपारी तिचा पृष्ठभाग साठ अंशांच्या घरात गेला, तर ती पाच-सहा मिलिमीटर लांबते. जागा दिली नाही तर दोन फळ्या टोकाला टोक लावून वर उचलल्या जातात. सागाची खोड वेगळी. तो लांबीत जवळजवळ हलत नाही, पावसाच्या दमटपणाने रुंदीत फुगतो. म्हणजे आयुष्यभर सागावर हात बसलेल्या सुताराचा अंदाज इथे चुकतो, आणि तो चुकला हे कळायला मे उजाडावा लागतो.

खालच्या पट्ट्यांचंही तसंच. दोन पट्ट्यांत सव्वा-दीड फुटापेक्षा जास्त अंतर ठेवलं तर उन्हात मऊ झालेली फळी मध्ये झुकते. पण पट्ट्या कमी लावल्या की कोटेशन स्वस्त होतं.

खरं विघ्न आणखी खाली, गच्चीच्या पोटात. आपल्याकडे गच्चीवर ब्रिकबॅट कोबा असतो. त्यात पट्ट्या बसवायला ड्रिल मारलं की पाणी अडवणारा थर गेला. पहिल्या पावसात खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या छताला ओल येते, आणि मग ती शोधायला नवीकोरी फळी उचलावी लागते. ठोकायचं नाहीच, पट्ट्या पायांवर ठेवायच्या, उतार मोकळा ठेवायचा, पाणी जाण्याच्या तोंडावर एक फळी निघेल अशी सोय ठेवायची. भिवंडीत तर मागांवरून उडणारा कापसाचा तंतू आणि रस्त्याची धूळ फटीत बसते. पावसात त्याचा चिखल होतो, खाली हवा खेळत नाही आणि शेवाळ धरतं. आतला भुसा लाकडाचाच असल्यामुळे बुरशीला तेवढं पुरतं. या दुखण्यावर कारखान्यांनी काढलेला उपाय म्हणजे फळीवर प्लॅस्टिकचा वेगळा थर. तो चांगला आहे, फक्त फळी कापली की कापलेल्या तोंडावर तो नसतो आणि जिन्याच्या कडेला फळी कापावी लागतेच.

नमुना मागून घ्या म्हणतात, तो रंग बघायला नव्हे. कापलेला तुकडा सोनाराच्या काट्यावर तोलायचा, आठवडाभर बादलीत बुडवायचा, पुसून पुन्हा तोलायचा. दुसरा तुकडा दुपारी गच्चीवर ठेवून त्यावर अनवाणी पाय ठेवायचा. गडद चॉकलेटी रंग कॅटलॉगात सर्वांत देखणा असतो आणि उन्हात सर्वांत आधी पोळतो. घरात लहान मूल असेल तर फिकट राखाडी घ्यावा. आगीचं लेखी विचारावं. भुसा आणि पॉलिथिन दोन्ही जळणारे, आणि गोदामांच्या आगी भिवंडीला नव्या नाहीत. हमीपत्रात ‘योग्य पद्धतीने बसवल्यास’ असे शब्द असले, तर ती पद्धत मिस्त्रींच्या हातात छापील असावी आणि ती त्यांना वाचता येईल अशा भाषेत असावी. ती बहुधा इंग्रजीत असते.

फळी जुनी झाल्यावर काय, हे गोदामात कुणी विचारत नाही. जुन्या सागाला गिऱ्हाईक आहे. वाडा पाडला की तुळया आणि दारं आधी विकली जातात. भिवंडीच्या भंगारवाल्याला प्लॅस्टिकचे प्रकार हाताला कळतात, तो ते वेगळे करतो आणि भाव देतो. भुसा मिसळलेली फळी मात्र त्याच्या कुठल्याच ढिगात बसत नाही. ती बनवताना जुन्या पिशव्या वापरल्या असं जाहिरातीत लिहितात. उखडून काढल्यावर ती परत घेणार का, आणि भिवंडीपर्यंत आणायचं ट्रकभाडं कोणी द्यायचं, हे कोटेशनमध्येच लिहून मागावं.