पॉलिसी दोन, काटा मात्र एकच

22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला आणि एजंट मंडळींना नवा मुद्दा मिळाला: ‘कंपनीची पॉलिसी आहेच, आता घरची एक काढून ठेवा, स्वस्त झालीय.’ कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत घरातलं कुणी नोकरीला असलं की ग्रुप पॉलिसी बहुधा असतेच. मग ज्यांच्या घरात शंभरी गाठलेलं वजन, दुखणारे गुडघे आणि न हटणारी शुगर आहे, ते विचारतात की दोन्ही पॉलिसी जोडून वजन घटवण्याची, म्हणजे बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया करून घेता येईल का?

पैसे जोडता येतात. विमा नियामक आयआरडीएआयच्या 29 मे 2024 च्या परिपत्रकानुसार दावा आधी कुठल्या कंपनीकडे करायचा हे ग्राहकाने ठरवायचं. निवडलेल्या कंपनीची रक्कम पुरली नाही, तर उरलेल्या रकमेसाठी दुसऱ्या कंपनीशी बोलण्याची जबाबदारीही तिचीच. समजा बिल साडेचार लाख झालं आणि ग्रुप पॉलिसी तीन लाखांची आहे, तर राहिलेले दीड लाख घरच्या पॉलिसीतून मागता येतात. दोन्हीकडून पूर्ण बिल घेऊन वर काही सुटेल, हा हिशेब मात्र सोडून द्यावा. भरपाईचा विमा झालेल्या खर्चापेक्षा एक रुपयाही जास्त देत नाही. कागदावरचा हा समन्वय अडला, तर वरची रक्कम आधी पदरची भरून मागून घ्यावी लागते. त्यासाठी पहिल्या कंपनीचं सेटलमेंट लेटर, डिस्चार्ज कार्ड आणि बिलांच्या प्रती लागतात. मूळ बिलं पहिल्या कंपनीकडे गेलेली असतात, म्हणून घरी निघण्याआधीच झेरॉक्सवर हॉस्पिटलचे शिक्के मारून घ्यावेत. दुसऱ्या कंपनीला भरती होण्यापूर्वीच कळवून ठेवावं.

इथवर ठीक. पण खरी अडचण पैशांच्या आधी येते. 2019 मध्ये आयआरडीएआयने विम्यातून काय वगळायचं याची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळायचा तर वय 18 पूर्ण हवं, डॉक्टरांचा सल्ला हवा, आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 40 किंवा त्याहून जास्त हवा. 35 चालतो, पण मग सोबत ठरावीक गंभीर आजारांपैकी एखादा हवा आणि वजन घटवण्याचे साधे उपाय फसलेले असावेत. एका कंपनीने ‘तुमचा बीएमआय 38’ म्हणून नकार दिला, तर दुसरीच्या पॉलिसीतही बहुतेक हेच कलम असतं. दुसरी पॉलिसी रक्कम वाढवते, पात्रता वाढवत नाही. एजंटने हे पहिल्याच फोनवर सांगायला हवं.

आणि हे आकडे तरी कुणाच्या शरीरावरून बेतलेले? अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने 1991 मध्ये शस्त्रक्रियेसाठी हेच 40 आणि 35 ठरवले होते. भारतीय तज्ज्ञांनी 2009 मध्ये आपल्या लोकांसाठी 37.5 आणि, सोबत आजार असल्यास, 32.5 सुचवले. 2022 मध्ये शल्यचिकित्सकांच्या एका अमेरिकी आणि एका आंतरराष्ट्रीय संघटनेने जुने निकष मोडीत काढून सरसकट 35 वर शस्त्रक्रियेची शिफारस केली आणि आशियाई लोकांसाठी मर्यादा आणखी खाली आणायला सांगितलं. आपली विमा कलमं मात्र 1991 वरच थांबली आहेत.

आपल्या लोकांसाठी वेगळा आकडा का, हे पुण्यात बसून एका माणसाने जगाला दाखवलंय. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय अगदी एकच, 22.3. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं. त्याआधी याज्ञिक यांच्या चमूने पुण्याजवळच्या सहा गावांतल्या नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली होती. आपली बाळं सरासरी 2.7 किलोची, तिकडची 3.5 किलोची. वजन इतकं कमी असूनही आपल्या बाळांच्या कातडीखालची चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. म्हणजे सडपातळ दिसणाऱ्या शरीरातही चरबी दडलेली असते, आणि मधुमेह कमी वजनावरच गाठतो. कारखान्याला ऊस घालण्याआधी बाहेरच्या काट्यावर गाडी मोजून घेणारा आपला शेतकरी काट्याबाबत जेवढा सावध असतो, तेवढं सावध आपण शरीराच्या मापाबाबत कधी होणार?

या मापात दोन सेंटिमीटरला काय किंमत आहे बघा. 100 किलो वजन आणि 158 सेंटिमीटर उंची असेल तर बीएमआय 40.06 येतो. तीच उंची कुणी अंदाजाने 160 लिहिली, तर तो 39.06 होतो आणि दावा अडतो. म्हणून पहिल्याच भेटीत चपला काढून, भिंतीला टेकून उंची मोजून घ्यावी आणि वजनासह केसपेपरवर तारखेनिशी लिहून घ्यावी. शस्त्रक्रियेआधी यकृत आकसावं म्हणून काही दिवस कमी उष्मांकाचा आहार देतात, त्यात वजन उतरतं. पहिली नोंद नसेल तर वादाला तोंड फुटतं.

आजारांची यादी तर आणखी खटकते. लठ्ठपणामुळे दुबळं झालेलं हृदय, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार आणि आटोक्यात नसलेला टाइप 2 मधुमेह, एवढेच त्यात आहेत. गुडघे झिजून जिना चढता न येणारी बाई यादीत बसत नाही. पथ्य, गोळ्या, इन्सुलिन सांभाळून शुगर आटोक्यात ठेवणाऱ्याला त्या शिस्तीचीच शिक्षा मिळू शकते. त्यात मार्च 2025 मध्ये मौंजारो हे वजन घटवणारं इंजेक्शन भारतात आलं. ‘साधे उपाय फसले’ याचा अर्थ उद्या ‘महागडं इंजेक्शनही घेऊन बघितलं का’ असा लावला गेला, तर मध्यमवर्गीय रुग्णाने काय करायचं? नियामकाने हे आत्ताच स्पष्ट करावं.

शस्त्रक्रिया ठरल्यावर दुसरी पॉलिसी काढण्यात फारसा अर्थ नाही, कारण आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ग्रुप पॉलिसीत ही अट बऱ्याचदा नसते, पण बॅरिअ‍ॅट्रिकला वेगळी मर्यादा आहे का, हे एचआरकडून लेखी घ्यावं. घरच्या पॉलिसीचा फॉर्म एजंट भरतो तेव्हा वजनाच्या रकान्यात तो काय लिहितो ते स्वतः वाचावं. तिथे 90 चे 70 झाले, तर पुढे कंपनी माहिती लपवल्याचं कारण पुढे करते.

नकार आलाच तर कुठली अट पुरी झाली नाही हे लेखी मागावं आणि कंपनीकडे तक्रार करावी. तिचं उत्तर पटलं नाही किंवा महिनाभर आलंच नाही, तर कोल्हापूरकरांसाठी विमा लोकपालांचं कार्यालय पुण्यात आहे. तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही, आणि 50 लाखांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात. कंपनीने अट चुकीची लावली असेल तर तिथे दाद मिळते. अटच जुनी असेल तर लोकपालांचे हात बांधलेले असतात. ती बदलण्याचा अधिकार हैदराबादेतल्या आयआरडीएआयचा आहे. 40 च्या जागी 37.5, 35 च्या जागी 32.5 आणि आजारांच्या यादीत झिजलेले गुडघे, एवढी दुरुस्ती करायला कुठल्या नव्या संशोधनाची वाट बघायची गरज नाही.