हेज फंडांच्या नफ्याचा ताळेबंद

इंग्रजी भाषेंत 'हेज' म्हणजे कुंपण. शेताचें कुंपण गुरांपासून पिकाचें रक्षण करतें, तसें बाजारांतील मंदीपासून भांडवलाचें रक्षण करावें, या हेतूनें आल्फ्रेड विन्स्लो जोन्स या समाजशास्त्रज्ञ पत्रकारानें १९४९ सालीं एक लाख डॉलरांच्या भांडवलावर न्यूयॉर्क येथें पहिला हेज फंड काढला. जे शेअर चढतील असें वाटे ते त्यानें, प्रसंगीं कर्ज काढूनही, विकत घ्यावे. जे उतरतील असें वाटे ते दुसऱ्याकडून उसने घेऊन आधीं विकावे, आणि भाव पडल्यावर स्वस्तांत घेऊन परत करावे. एका बाजूचा तोटा दुसऱ्या बाजूनें भरून निघावा, ही त्यांतील योजना. नफ्याचा पांचवा हिस्सा चालकानें घ्यावा, ही रीतही त्यानेंच पाडली.

१९६६ सालीं कॅरल लूमिस या लेखिकेनें 'फॉर्च्यून' मासिकांत जोन्सच्या यशाची हकीकत प्रसिद्ध केली, आणि त्याचें अनुकरण करणारे फंड भराभर निघाले. पुष्कळांनीं नांव तेवढें कुंपणाचें ठेवलें, कुंपण मात्र घातलें नाहीं. १९६९ नंतरच्या मंदींत त्यांतील अनेक बुडाले. तरीही पसारा वाढतच गेला, व आज जगांतील हेज फंडांकडे चार लाख कोटी डॉलरांहून अधिक रक्कम आहे. ती केवळ धनिकांची नाहीं. विद्यापीठांचे निधि आणि शिक्षक, कारकून, शिपाई यांच्या पेन्शनचे पैसेही तींत गुंतलेले आहेत. म्हणून या फंडांचा सांगितलेला नफा कितपत खरा, हा अनेक घरांतील म्हातारपणाच्या भाकरीचा प्रश्न आहे.

अर्थशास्त्रज्ञ या प्रश्नाचें उत्तर शोधूं लागले, तेव्हां पहिली अडचण आली ती आंकड्यांचीच. कांहीं खासगी संस्था फंडांच्या नफ्यातोट्याची नोंदवही ठेवतात. पण तींत नांव घालावें कीं नाहीं, हें फंडाच्या मर्जीवर असतें. जो फंड बुडाला त्याचे आंकडे येणें थांबतें, आणि सरासरी काढली जाते ती जगलेल्यांची. एखाद्या शाळेनें नापास होऊन गेलेल्या मुलांचीं नांवें हजेरीपटावरून खोडावीं, आणि उरलेल्यांच्या गुणांची सरासरी शाळेची म्हणून मिरवावी, तशांतलाच हा प्रकार. विल्यम फंग आणि डेव्हिड शे यांनीं २००० सालीं दाखविलें कीं, एवढ्या एका कारणानें नफा दरसाल सुमारें शेकडा तीन फुगून दिसतो. बर्टन मालकील आणि अतनु साहा यांच्या २००५ च्या संशोधनांत हीच फुगवटी शेकडा चारांहून अधिक भरली.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. एखादा चालक आरंभीं दोन-चार लहान फंड गाजावाजा न करतां चालवितो. त्यांतील जो फळाला येतो तेवढाच नोंदवहींत दाखल होतो, आणि त्याच्या मागील वर्षांचा नफाही त्याबरोबर लिहिला जातो. न फळलेले फंड कोणास कळतही नाहींत. तिसरा दोष मोजमापाचा. ज्या मालाची रोज खरेदी-विक्री होत नाहीं, त्याची किंमत पुष्कळदां अंदाजानेंच धरावी लागते. असा अंदाज बाजाराइतका वरखालीं होत नाहीं. त्यामुळें नफा संथ दिसतो, आणि संथपणालाच लोक सुरक्षितता समजतात.

या समजुतीची किंमत १९९८ सालीं दिसली. लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या फंडानें १९९५ व १९९६ या दोन वर्षांत दरसाल शेकडा चाळीसांहून अधिक नफा दिला होता. त्याच्या भागीदारांपैकीं रॉबर्ट मर्टन आणि मायरन शोल्स यांना १९९७ सालीं नोबेल पारितोषिकही मिळालें. परंतु कर्ज भांडवलाच्या अनेक पट होतें. रशियानें आपलें देणें थकविल्यावर बाजार उलटला, आणि थोड्याच महिन्यांत चारशें कोटी डॉलरांहून अधिक रक्कम बुडाली.

तरीही कुंपण सर्वस्वीं व्यर्थ म्हणतां येणार नाहीं. वॉरन बफे यांनीं २००८ पासून दहा वर्षांची एक पैज लावली होती. एका बाजूस अमेरिकेंतील पांचशें मोठ्या कंपन्यांचा साधा निर्देशांक फंड. दुसऱ्या बाजूस अनेक हेज फंडांत पैसे गुंतविणारे पांच निवडक फंड. पहिल्याच वर्षीं बाजार कोसळला, तेव्हां त्या पांचांचा तोटा कमी झाला. परंतु २०१७ अखेर निर्देशांक फंड एकूण शेकडा १२५.८ वाढला होता. पांचांपैकीं सर्वोत्तम फंड शेकडा ८७.७, आणि सर्वांत मागें पडलेला शेकडा २.८. चालकांच्या दुहेरी मेहनतान्यानें नफ्याचा मोठा भाग खाल्ला होता. कॅलिफोर्नियाच्या सरकारी नोकरांच्या पेन्शन संस्थेनें तर खर्च व गुंतागुंत यांस कंटाळून २०१४ सालींच हेज फंडांतून अंग काढून घेण्याचें जाहीर केलें होतें.

भारतांत २०१२ च्या नियमांनीं अशा फंडांस वाट मिळाली. त्यांत सामान्यतः एक कोटी रुपयांहून कमी रक्कम घेतली जात नाहीं, म्हणून मध्यम स्थितींतील गृहस्थास त्यांचा थेट संबंध येत नाहीं. परंतु शेकडा इतका नफा मिळाला अशी जाहिरात त्याच्याही दारीं येते. तीवर सही करण्यापूर्वीं त्यानें दोन गोष्टी विचाराव्या: हा आंकडा मेहनताना वजा करून आहे काय, आणि ज्यांचे पैसे बुडाले ते या सरासरींत आहेत काय? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळत नसेल, तर मुद्दल घरींच असलेलें बरें.