व्हॅलेन्सिया : पाण्याने घडवलेलं शहर

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरच्या व्हॅलेन्सियात काय बघायचं, काय खायचं, रात्री कुठे फिरायचं, याच्या याद्या भरपूर मिळतात. आज आपण हे सगळं एका धाग्यात ओवून बघू. तो धागा म्हणजे पाणी.

आधी संस्कृती. दर गुरुवारी दुपारी १२ वाजता कॅथेड्रलच्या दारात काळे डगले घातलेले आठ शेतकरी बसतात. हे जल-न्यायालय. तुरिया नदीच्या आठ कालव्यांचे हे निवडून दिलेले प्रतिनिधी. कुणी पाळी नसताना पाणी घेतलं, की इथे जाब द्यायचा. वकील नाही, सगळं तोंडी, आणि निकालावर अपील नाही. बऱ्याच गुरुवारी तक्रारच नसते. कालव्यांची नावं पुकारतात आणि पाच-दहा मिनिटांत सगळे उठतात. म्हणून वेळेवर पोचा.

याच पाण्यावर भात पिकतो. शहराच्या दक्षिणेला आल्बुफेराचं सरोवर आहे, त्याच्या काठी भातखाचरं. पाएया इथली. पण मूळ पाएयात मासळी नसते बरं का! कोंबडी, ससा, शेंगा आणि मोठे पांढरे वाल. तळाशी धरलेली खरवड सगळ्यांत चवीची. आणि हे दुपारचं जेवण. स्थानिक माणूस रात्री पाएया मागवत नाही.

मग रात्री काय? जून महिन्यात इथे सूर्यच साडेनऊच्या सुमारास मावळतो. शहर जवळजवळ ग्रीनिचच्या रेखावृत्तावर, पण घड्याळ १९४० पासून मध्य युरोपचं. त्यामुळे जेवण नऊ-दहाला, आणि रुसाफा, एल कार्मेन या भागांत खरी गर्दी त्यानंतर.

संध्याकाळी मात्र तुरियाच्या बागेत चाला. ही बाग म्हणजे नदीचं जुनं पात्र. १९५७ च्या महापुरात ऐंशीहून अधिक माणसं गेली, तेव्हा नदीच शहराच्या दक्षिणेकडून वळवली. कोरड्या पात्रातून महामार्ग नेण्याचा बेत होता. लोकांनी विरोध केला, म्हणून आज तिथे झाडं आहेत.

पण पाणी काही विसरत नाही. २९ ऑक्टोबर २०२४ च्या पुरात नव्या पात्रामुळे मूळ शहर बरंचसं वाचलं, आणि त्याच्या दक्षिणेकडची पायपोर्तासारखी गावं बुडाली. व्हॅलेन्सिया प्रांतात दोनशेहून जास्त माणसं दगावली. तेव्हा त्या बागेत फिराल, तर पूल नीट बघा. कमानी अजून उभ्या आहेत, खाली नदी नाही. ती कुठे गेली आणि तिच्या वाटेत कोण राहतं, हा प्रश्न या शहरापुढे आजही आहे.